रोडस्टर

रोडस्टर ही साधारणतः दोन आसनांची, कायमचे छप्पर नसलेली, वजनाने हलकी व बुटकी मोटारगाडी होय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत मुख्यतः ब्रिटन व इटली या देशांत तयार झालेल्या अशा गाड्यांना अभिजात रोडस्टर म्हटले जाते. यांतील अनेक गाड्यांचे इंजिन, गिअरपेटी, आस व स्टिअरिंग हे भाग त्या काळच्या साध्या कौटुंबिक मोटारींतून घेतलेले असत. वेगळी असे ती त्यांची मांडणी आणि वजन. त्यामुळे या गाड्यांच्या रचनेत अनेक विक्षिप्त वाटाव्यात अशा गोष्टी आढळतात, आणि त्यांत फेरबदल करण्याची परंपराही या गाड्यांइतकीच जुनी आहे. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील कार्लेखिंड येथे ‘चिंकारा मोटर्स’ या लहान उद्योगाने याच परंपरेतील रोडस्टर तयार केली आहे.

नाव व व्याख्या

‘रोडस्टर’ हा शब्द मोटारीच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात लांबच्या प्रवासाला उपयोगी पडणाऱ्या घोड्यास इंग्रजीत रोडस्टर म्हणत. पुढे हे नाव हलक्या उघड्या वाहनांना मिळाले. १९१६ साली अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोबाइल इंजिनियर्स या संस्थेने दोन किंवा तीन जण बसू शकतील अशी उघडी गाडी, अशी रोडस्टरची व्याख्या केली.

कन्व्हर्टिबल आणि रोडस्टर यांत फरक केला जातो. कन्व्हर्टिबल ही मुळात बंद गाडी असून तिचा टप खाली घेता येतो. तिला वर-खाली होणाऱ्या काचा असतात आणि बहुधा मागेही आसने असतात. रोडस्टर ही मुळात उघडी गाडी असून तिचा टप पावसापासून तात्पुरता बचाव करण्यापुरता असतो. अलीकडे अनेक उत्पादक हा भेद पाळत नाहीत.

उगम

युद्धोत्तर काळात लहान कारखान्यांना नवे इंजिन स्वतः विकसित करणे परवडत नसे. म्हणून बाजारात हजारोंच्या संख्येने खपणाऱ्या गाडीचे भाग घ्यायचे, त्यांवर हलका सांगाडा व उघडे शरीर चढवायचे, अशी रीत रूढ झाली. इंजिनाची ताकद तीच राहिली तरी वजन घटल्यामुळे गाडी चपळ होते, हा त्यामागील साधा हिशोब होय. या रीतीची काही ठळक उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतील काही गाड्यांचे नातेसंबंध भारतीय रस्त्यांवरील परिचित मोटारींशी जुळतात.

• लोटस सेव्हन (१९५७) : अभियंता कॉलिन चॅपमन यांची रचना. आरंभीच्या गाड्यांत फोर्डच्या साध्या मोटारीचे १,१७२ घनसेंमीचे इंजिन बसवले जाई. गाडीचे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम होते.
• ऑस्टिन-हीली स्प्राइट (१९५८) : ऑस्टिन ए-३५ या छोट्या मोटारीचे इंजिन व पुढचे सस्पेन्शन, तर मॉरिस मायनरचे स्टिअरिंग. इंजिनाची क्षमता ९४८ घनसेंमी होती.
• एम.जी.ए. (१९५५–१९६२) : आरंभीच्या गाड्यांत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी-सिरीज’ कुळातील १,४८९ घनसेंमीचे इंजिन होते. याच कुळातील १,४८९ घनसेंमीचे इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरला अनेक वर्षे बसवले जात असे. पुढच्या एम.जी.बी. (१९६२–१९८०) गाडीत हेच इंजिन १,७९८ घनसेंमीपर्यंत वाढवण्यात आले.
• ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२) : ट्रायम्फ हेराल्डच्या आखूड केलेल्या सांगाड्यावर आधारित. हेराल्डची भारतीय आवृत्ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने मद्रास येथे तयार होत असे.
• फियाट ११०० टीव्ही ट्रासफॉर्माबिले (१९५५) : १,०८९ घनसेंमीचे इंजिन. मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी याच फियाट ११०० कुळातील होय.

रचनेची वैशिष्ट्ये

अभिजात रोडस्टरमधील ज्या गोष्टी आज गैरसोयीच्या किंवा विनोदी वाटतात त्यांच्या मुळाशी बहुधा वजन, खर्च किंवा एखाद्या देशाचा नियम असे निश्चित कारण सापडते.

दारे व खिडक्या : अनेक गाड्यांच्या दारांना काचा नसत. त्याऐवजी पारदर्शक पडद्याच्या सुट्या चौकटी दारावर खोचल्या जात. एम.जी.ए. व आरंभीची स्प्राइट यांच्या दारांना बाहेरून मूठ नव्हती. पडद्यातून हात आत घालून दार उघडावे लागे. काच, ती फिरवणारी यंत्रणा आणि कुलूप वगळल्याने दार पातळ व हलके होई आणि बसणाऱ्याच्या कोपराला जागा मिळे. ट्रायम्फ टीआर-२ व टीआर-३ या गाड्यांची दारे कोपर टेकवता येईल इतकी खोल कापलेली होती. लोटस सेव्हनला तर पूर्ण अर्थाने दारेच नव्हती.

दिवे : पहिल्या स्प्राइटचे पुढचे दिवे बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे उभे होते. दिवे बॉनेटमध्ये मिटून ठेवण्याची मूळ कल्पना खर्चामुळे सोडून द्यावी लागली आणि दिवे उघडे राहिले. पुढे हाच दोष त्या गाडीची ओळख ठरला.

डिकी : त्याच स्प्राइटला डिकीचे झाकण नव्हते. सामान आसने पुढे वाकवून मागच्या पोकळीत सरकवावे लागे. मागील पत्र्याला छेद न दिल्यामुळे शरीराची ताकद टिकून राहिली आणि झाकण व बिजागरी यांचा खर्चही वाचला.

तीन वायपर : जग्वार ई-टाइपच्या (१९६१) पुढील काचेवर दोनऐवजी तीन वायपर होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एम.जी.बी. गाड्यांनाही तीन वायपर आले. रोडस्टरची काच रुंद पण बुटकी असते. तिच्यावर लांब वायपर मावत नाहीत आणि दोन आखूड वायपरांनी काचेचा पुरेसा भाग पुसला जात नाही. अमेरिकी नियमांत पुसल्या जाणाऱ्या क्षेत्राची अट असल्याने तिसरा वायपर आवश्यक ठरला.

रबरी बंपर : अमेरिकेतील बंपर व दिव्यांच्या उंचीविषयीच्या नियमांमुळे १९७४ च्या उत्तरार्धापासून एम.जी.बी.ला जाड काळे बंपर बसवण्यात आले आणि गाडीची उंचीही वाढवण्यात आली. उंची वाढल्याने वळणावर गाडी अधिक कलू लागली. पुढे अनेक मालकांनी स्प्रिंगा बदलून ती पुन्हा खाली आणली.

विद्युतजोडणी : १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. अशा जुन्या गाडीत आधुनिक रेडिओ किंवा चार्जर तपासणी न करता जोडल्यास तो जळू शकतो. आरंभीच्या एम.जी.बी.त एका बॅटरीऐवजी सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे बसवलेल्या होत्या.

लाकडी चौकट : मॉर्गन या ब्रिटिश कंपनीने शरीराच्या पत्र्याखाली ॲश वृक्षाच्या लाकडाची चौकट वापरण्याची पद्धत एकविसाव्या शतकातही चालू ठेवली.

छपराचा अभाव : रोडस्टरच्या रचनेतील सर्वांत मोठा प्रश्न छप्पर नसण्याचा आहे. झाकण लावलेले पुठ्ठ्याचे खोके पिळता येत नाही; झाकण काढताच ते सहज पिळले जाते. बंद मोटारीत छप्पर व त्याचे खांब हे झाकणाचे काम करतात. रोडस्टरमध्ये ती ताकद खालच्या सांगाड्यातून, दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून आणि मधल्या बोगद्यातून मिळवावी लागते. ती अपुरी पडली तर खडबडीत रस्त्यावर पुढील काच व स्टिअरिंग थरथरू लागतात. लोटस सेव्हनमध्ये बारीक पोलादी नळ्यांची त्रिकोणी जाळी जोडून हा प्रश्न सोडवण्यात आला. त्रिकोण दाबाखाली आकार बदलत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

फेरबदल व त्यांचे परिणाम

इंजिन, सस्पेन्शन, चाके, ब्रेक, सायलेन्सर किंवा शरीर यांत मूळ रचनेपेक्षा वेगळे भाग बसवणे म्हणजे फेरबदल होय. रोडस्टरचे भाग इतर मोटारींतून आलेले असल्यामुळे एकाच कुळातील अधिक ताकदवान इंजिन बसवणे तुलनेने सोपे असते. मात्र हलक्या गाडीत प्रत्येक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो. एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी ताण निर्माण करतो.

इंजिन व ब्रेक : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना सुमारे ७८ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवताना ब्रेक, थंडावा देणारी यंत्रणा आणि मागील आस यांचाही विचार करावा लागतो. एम.जी.ए.च्या उत्पादकाने १९५९ साली इंजिन वाढवले तेव्हा पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले, ते याच कारणाने.

सस्पेन्शन : गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंगा कापणे हा प्रचलित पण धोक्याचा उपाय आहे. स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर-खाली होण्यास जागा उरत नाही, चाकांचे कोन बदलतात, टायर एका बाजूने झिजतात आणि पुढच्या दिव्यांचा रोखही ढळतो. खड्ड्यात चाक आदळल्यावर धक्का थेट सांगाड्यास बसतो.

चाके : रुंद चाकांमुळे कोरड्या रस्त्यावर पकड वाढते. परंतु हलक्या गाडीचे वजन रुंद टायरवर पसरल्याने साचलेल्या पाण्यावर तो तरंगण्याचा संभव वाढतो. चाक बाहेरच्या बाजूस सरकल्यास बेअरिंगवरील भारही वाढतो.

छप्पर कापणे : बंद मोटारीचे छप्पर कापून तिला रोडस्टरचे रूप देणे हा सर्वांत गंभीर फेरबदल मानला जातो. ज्या मोटारीस स्वतंत्र सांगाडा नसतो तिचे शरीर हाच तिचा सांगाडा असतो. अशा गाडीचे छप्पर कापले आणि खालचा भाग मजबूत केला नाही, तर दारे अडकू लागतात, जोड उकलतात आणि अपघातात आतील माणसांना संरक्षण उरत नाही.

सर्वच फेरबदल वेगासाठी नसतात. मूळ गाडीत नसलेले सीटबेल्ट, उलटल्यास डोक्याचे रक्षण करणारी पोलादी कमान, अधिक उजेड देणारे दिवे, विजेचा पंखा यांसारखे बदल गाडी रोजच्या रहदारीत सुरक्षितपणे चालावी म्हणून केले जातात.

भारतातील रोडस्टर

स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबई हे मोटारींच्या आयातीचे व जुळणीचे मोठे केंद्र होते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. १९५३ साली भारत सरकारने देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आणि १९५४ साली जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम थांबवले. त्यानंतरच्या बंदिस्त बाजारपेठेत कौटुंबिक गाडीसाठीही मोठी प्रतीक्षायादी असे. दोन आसनी गाडीला अशा बाजारात स्थान नव्हते. देशात असलेल्या जुन्या रोडस्टर टिकल्या त्या मुख्यतः हौशी मालकांमुळे आणि स्थानिक कारागिरांच्या कसबामुळे. मूळ सुटे भाग मिळत नसल्याने अँबॅसडर, फियाट किंवा हेराल्ड यांचे भाग घासूनपुसून जुळवले जात. इंजिनांचे कूळ एकच असल्याने हे काही अंशी शक्यही होत असे. त्यामुळे भारतातील अनेक जुन्या गाड्यांत फेरबदल हा हौसेचा नव्हे, तर गरजेचा भाग ठरला.

उदारीकरणानंतर बंगळूरच्या सॅन मोटर्सने १९९८ साली ‘सॅन स्टॉर्म’ ही छोटी दोन आसनी गाडी आणली. तिचे शरीर फायबरग्लासचे असून इंजिन रेनॉ कंपनीचे १,१४९ घनसेंमीचे होते. मुंबईतील दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेने प्रचलित गाड्यांची बाह्य व अंतर्गत रूपे बदलण्याच्या कामात नाव मिळवले आणि २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ ही गाडी सादर केली. अवंती ही दोन आसनी असली तरी बंद छपराची असल्यामुळे ती रोडस्टर ठरत नाही.

चिंकारा रोडस्टर

चिंकारा मोटर्स हा उद्योग ग्विडो बोथे व शमा बोथे यांनी उभा केला. कार्लेखिंड हे ठिकाण वडखळ–अलिबाग मार्गावर अलिबागच्या अलीकडे असून अलिबाग तालुक्याच्या सीमा पेण व रोहा या दोन्ही तालुक्यांना भिडतात. चिंकारा हे नाव भारतातील कोरड्या माळरानांवर आढळणाऱ्या लहान, चपळ हरणाचे आहे.

‘चिंकारा रोडस्टर १.८ एस’ ही गाडी लोटस सेव्हनच्या धाटणीची आहे. लांब अरुंद बॉनेट, शरीरापासून सुटी दिसणारी पुढची चाके, मागील आसेच्या जवळ बसणारे दोन प्रवासी आणि अत्यल्प अंतर्गत सजावट ही तिची वैशिष्ट्ये मूळ रचनेशी नाते सांगतात. लोटसने १९७३ साली सेव्हनचे हक्क इंग्लंडमधील कॅटरहॅम कार्स या कंपनीस दिले. त्यानंतरही जगाच्या अनेक भागांत या धाटणीच्या गाड्या लहान कारखान्यांत तयार होत राहिल्या. चिंकारा ही त्या परंपरेतील भारतीय गाडी होय.

चिंकारातील इंजिन इसुझू घडणीचे, १.८ लिटर क्षमतेचे आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसा व अँबॅसडर १८०० आयएसझेड या गाड्यांमुळे हे इंजिन भारतीय गॅरेजांत परिचित झाले होते. अवजड कौटुंबिक गाडी ओढणारे इंजिन निम्म्याच्या आसपास वजनाच्या गाडीत बसवले की तीच ताकद वेगळी भासते. ‘रोजच्या गाडीचे इंजिन, हलके शरीर’ हे १९५० च्या दशकातील सूत्रच येथे भारतीय सामग्रीने पुन्हा मांडलेले दिसते.

गाडीचे शरीर फायबरग्लासचे आहे. पोलादी पत्र्याचे भाग दाबून काढण्यासाठी लागणारे साचे व यंत्रे अतिशय महाग असतात. हजारो गाड्या विकल्या गेल्या तरच तो खर्च निघतो. फायबरग्लाससाठी एक साचा पुरतो. साच्यात काचतंतूंचे कापड व राळ यांचे थर एकावर एक चढवतात आणि घट्ट झाल्यावर शरीर बाहेर काढतात. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत साच्यातून मूर्ती निघते आणि पुढचे काम हाताने होते, तोच क्रम येथे असतो. वर्षाला मोजक्याच गाड्या तयार करणाऱ्या उद्योगास ही पद्धत परवडते. शिवाय फायबरग्लासला गंज चढत नाही, हा कोकणच्या दमट व खाऱ्या हवेत मोठाच फायदा ठरतो.

पेण–रोहा परिसर : रस्ते व हवामान

मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७) पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड या गावांवरून जातो. नागोठणे व कोलाड ही गावे रोहा तालुक्यात असून कोलाडहून रोह्याकडे रस्ता फुटतो. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम दीर्घकाळ रेंगाळल्याने या पट्ट्यातील खड्डे, वळणरस्ते व अचानक बदलणारी रस्त्याची पातळी हा सर्वपरिचित विषय आहे.

अशा रस्त्यांवर रोडस्टरच्या मर्यादा स्पष्ट होतात. बहुतेक जुन्या रोडस्टरचा तळ जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, गोलसर उंचवट्याचा असावा. तसा असल्यास बुटकी गाडीही तो सावकाश ओलांडू शकते. गावोगावी दिसणारे अरुंद व उभट गतिरोधक मात्र तिच्या सायलेन्सरला व तेलाच्या तळटाकीला घासतात. फेरबदल करून गाडी आणखी खाली आणणे या भागात म्हणूनच अव्यवहार्य ठरते. उलट स्प्रिंगा किंचित उंच करणे आणि इंजिनाच्या तळाशी जाड पत्रा लावणे हे उपाय केले जातात.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पोलादी शरीराच्या जुन्या गाडीत दाराखालच्या पोकळ पट्ट्या, पायांखालचा पत्रा आणि मागील स्प्रिंगांच्या पाट्यांच्या बैठका येथे गंज प्रथम लागतो. छप्पर नसलेल्या गाडीत याच पट्ट्यांवर सांगाड्याची ताकद अवलंबून असल्यामुळे वरून रंग चकचकीत असलेली गाडी आतून धोकादायक झालेली असू शकते. पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, टप वाळल्याशिवाय दुमडून न ठेवणे आणि पावसाळ्यात गाडी हवेशीर जागी ठेवणे या उपायांनी हा वेग कमी होतो.

कायदेशीर तरतुदी

अलिबाग, पेण व रोहा या तालुक्यांतील वाहनांची नोंदणी पेण येथील परिवहन कार्यालयात होते. त्याचा संकेतांक एमएच-०६ आहे. पनवेल कार्यालयाचा संकेतांक एमएच-४६ आहे. गाडी नवीन असो वा फेरबदल केलेली, तिच्याकडे कायदा ज्या दृष्टीने पाहतो तो पुढीलप्रमाणे सांगता येईल.

नवीन रचनेची गाडी : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार उत्पादकाने गाडीचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्याचीच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि अहिल्यानगरची व्हेइकल्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या तीन महाराष्ट्रात आहेत. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना अपघात-चाचणी, १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषण-मर्यादा लागू झाली. या तरतुदींचा हेतू प्रवाशांचे व पर्यावरणाचे रक्षण हा असला तरी चाचणीचा खर्च लाखो गाड्यांवर विभागणारा उत्पादक आणि तो मोजक्या गाड्यांवर विभागणारा उत्पादक यांच्यावरील भार समान नसतो. जुन्या रचनेचे इंजिन वापरणाऱ्या लहान उद्योगांपुढील मुख्य अडचण हीच आहे. ब्रिटनमध्ये घरी किंवा लहान कारखान्यात जोडलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत आहे. भारतीय नियमांचा भर नमुन्याच्या मान्यतेवर आहे.

नोंदणीकृत गाडीतील बदल : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. गॅस, वीज यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे आणि दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी गाडीत बदल करणे यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात कलम ५२ चा हा अर्थ ठामपणे मांडला. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असलेल्या गाडीची नोंदणी करता येणार नाही, असे त्या निर्णयात स्पष्ट झाले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गाडीचा रंग बदलल्यास त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. विमा कंपनीस न कळवलेला बदल भरपाईच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो.

जतन की सुधारणा

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ मोटार वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. सांगाडा, शरीराचे कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा आणि वाहन मूळ रूपात राखलेले असावे, ही मुख्य अट आहे. अशा वाहनास राज्याच्या संकेतांकानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. ही वाहने नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाहीत. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठी त्यांना मुभा आहे.

या तरतुदीमुळे जुन्या रोडस्टरच्या मालकापुढे निवड उभी राहते. गाडी मूळ रूपात राखली तर तिला वारसा म्हणून मान्यता मिळते, पण ती रोज चालवता येत नाही. रोज चालवण्याजोगी करण्यासाठी इंजिन किंवा शरीर बदलले तर ती मान्यता जाते आणि कलम ५२ चाही प्रश्न उद्भवतो. भारतात ही निवड अधिक कठीण होते, कारण आयातबंदीच्या काळात अनेक गाड्या दुसऱ्या गाड्यांचे भाग बसवूनच जिवंत ठेवल्या गेल्या. अँबॅसडरच्या इंजिनावर चाळीस वर्षे चाललेली एखादी एम.जी. नियमाच्या दृष्टीने मूळ रूपातील नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते इंजिन हा तिच्या भारतीय आयुष्याचाच पुरावा आहे.

जतनाच्या क्षेत्रात यासाठी सर्वमान्य झालेली पद्धत म्हणजे बदल करायचाच तर तो परत फिरवता येईल असा करणे. सांगाड्यास छेद न देता मूळ छिद्रांतूनच भाग जोडणे, काढलेले भाग जपून ठेवणे, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद व छायाचित्रे ठेवणे आणि सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांकांना हात न लावणे, ही त्याची मुख्य पथ्ये होत. सीटबेल्ट, दिवे, टायर यांसारख्या सुरक्षिततेशी निगडित सुधारणा या पद्धतीने केल्यास गाडीचे मूळ रूप पुढील पिढीस परत मिळवता येते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या फेऱ्यांत अशा गाड्या सर्वसामान्यांना पाहावयास मिळतात.